टेबलाखालची झोप

थोरले मास्तर रस्ता ओलांडून आले, हीच त्या रविवारची मोठी बातमी होती. त्यांच्या पुतणीच्या, बॉबिनच्या, निबंधाला कॉलेजात पहिला नंबर मिळाला आणि त्यासाठी तिला एक सहामाही परदेशातल्या विद्यापीठात शिकायला मिळणार, ही बातमी शुक्रवारची. ती तोवर शिळी झाली होती. पण थोरल्यांनी आपल्या शिंपीकामाच्या दुकानाचं शटर ओढलं, दोन्हीकडे बघितलं आणि समोरच्या दुकानात, म्हणजे सख्ख्या धाकट्या भावाच्या घरात पाऊल टाकलं. ते बघायला मिळावं म्हणून कोपऱ्यावरचा चष्मेवाला सुट्टीचा दिवस असूनही दुकान उघडून बसला होता म्हणतात.

रस्ता तो केवढा. समोरासमोरच्या फुटपाथवर उभं राहून दोन माणसं आवाज न चढवता गप्पा मारू शकतील एवढा. पण मोठे मास्तर, म्हणजे त्यांचे वडील, गेले, दुकानाची वाटणी झाली आणि तेव्हापासून हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. निरोप मात्र चालत. काकांना सांग, अस्तराचं कापड आलंय. बाबांना सांग, बघितलं. आधी हे काम आत्याकडे, म्हणजे या दोघांच्या बहिणीकडे होतं, कारण ती दोन्ही दुकानांची काजं-बटणं करायची आणि तिला दोन्हीकडे चहा मिळायचा. धाकट्यांची मुलगी चालायला लागली तशी आत्यानं ते तिच्याकडे सोपवलं. पोर मशिनीतल्या दोऱ्याच्या रिळासारखी दिवसभर इकडून तिकडे गरगर फिरते म्हणून थोरल्यांनीच तिचं नाव बॉबिन पाडलं. आता ती कॉलेजात पहिल्या वर्षाला होती तरी नाव तेच होतं आणि कामही तेच होतं.

वाटणीत बाकी सगळं सुरळीत झालं होतं. मशिनी, इस्त्र्या, कात्र्या, एवढंच काय, गिऱ्हाइकंसुद्धा तंटा न होता वाटली गेली. अडलं ते कटिंगच्या टेबलावर. मोठ्या मास्तरांचं ते टेबल लांबच लांब, सलग फळ्यांचं, मधे कुठे सांधा नाही. 'तू घे' असं दोघांपैकी कोणी म्हणेना आणि 'मला दे' असंही कोणी म्हणेना. शेवटी सुतार बोलावला आणि टेबल मधोमध कापलं. शिंप्यांचंच घर ते. काही अडलं की कापून मोकळं व्हायची सवय हाताला लागलेली. कापून झाल्यावर लक्षात आलं की अर्ध्या टेबलावर लांब कोटाचं कापड पसरत नाही. ज्या कोटांसाठी मोठे मास्तर सगळीकडे ओळखले जायचे, ते कोट त्या दिवसापासून बंद झाले, दोन्ही दुकानांत. पुढे दोघं भाऊ मुकाट्यानं शर्ट-पँटी शिवत राहिले. दोघांनीही आपापल्या अर्ध्याची कापलेली बाजू भिंतीला लावून ठेवली होती, आणि ही एक गोष्ट त्यांनी एकमेकांना न विचारता सारखी केली होती.

तर अशा माणसांना एका खोलीत आणलं ते आत्यानं. मोठ्या मास्तरांची एक रीत होती. शिवून झालेला कपडा गिऱ्हाइकाच्या हातात पडण्याआधी उलटा करायचा आणि घरातल्या प्रत्येकानं तो आतून बघायचा. शिवण, धाग्यांची टोकं, अस्तर, सगळं. बाहेरून काय, कुठलाही कपडा चांगलाच दिसतो, असं ते म्हणायचे. आत्यानं शनिवारी काजं करता करता दोन्हीकडे जाहीर करून टाकलं की पोरीचा निबंध सोमवारी कॉलेजच्या सभागृहात सगळ्यांपुढे वाचला जाणार आहे, म्हणजे घरातून बाहेर चाललाय. तेव्हा रविवारी सगळ्यांनी बसून तो उलटा करून बघायचा. धाकटे हसले. थोरले हसले नाहीत. सुईत दोरा ओवायचं थांबवून ते एवढंच म्हणाले की मास्तरांची रीत आहे, तर येतो.

ते आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले, ट्रायलला आलेलं गिऱ्हाईक बसतं तसे, अर्धेच टेकून. धाकटे आपल्या अर्ध्या टेबलाला टेकून उभे राहिले. बॉबिनच्या आईनं चहा आणला आणि पहिला कप कोणाला द्यायचा या विचारात तो आत्यालाच दिला. आत्यानं तो बसल्या जागेवरून थोरल्यांकडे सरकवला. एवढ्यावर काही मिनिटं निभावली.

थोरल्यांचं या परदेश प्रकरणाबद्दल मत काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा, बॉबिन अगदी लहान असताना, असाच शिकायला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. त्याची आई गेली तेव्हा आला, ते परतीचं तिकीट काढूनच. फोन करायचा, नाही असं नाही, पण बोलताना मागे त्याचं काहीतरी चालू असायचं. बॉबिनला बक्षीस मिळालं हे कळल्यावर थोरल्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि मग तिच्याचकडून धाकट्यांना निरोप पाठवला होता की जाणाऱ्याला सहामाही असते, राहणाऱ्याला नसते. धाकट्यांनी उलटा निरोप धाडला की ज्याची त्याची पोरं. हा निरोप मात्र बॉबिननं पोचवला नाही. असे न पोचवलेले निरोप तिच्यापाशी बरेच साठले होते, आणि घरात जी काय शांतता होती ती त्यांच्याच जिवावर होती.

"वाच," आत्या म्हणाली. "आणि सावकाश वाच. शिवण बघायचीय."

विषय होता 'माझ्या घरातली माझी जागा'. पहिल्या वर्षाच्याच मुलांसाठी स्पर्धा, आणि अट एकच, जे लिहाल ते स्वतःच्या अनुभवातलं हवं. बॉबिन मधल्या स्टुलावर बसली. एका बाजूला बाबा, एका बाजूला काका. तिनं घसा साफ केला.

"माझी जागा टेबलाखाली होती. वर आजोबांचं कटिंगचं टेबल होतं, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली चिंध्यांचं गाठोडं असायचं आणि त्यावर मी दुपारी झोपायचे. लोकरीच्या चिंध्या वर, सुती खाली, कारण सुती लवकर गार पडतात. डोक्यावर कात्री चालायची. त्या आवाजात मला झोप लागायची आणि आवाज थांबला की जाग यायची. डोळे उघडले की दोन्हीकडे पाय दिसायचे. एका बाजूला काकांचे, एका बाजूला बाबांचे. काका मधूनच चप्पल काढून पायाचा अंगठा माझ्या पोटाला लावायचे, मी आहे ना ते बघायला. मी आहे, असं मी म्हणायचे. मग वर दोघं हसायचे."

आणि ती वाचतच गेली. खडूची भुकटी टेबलाच्या फटीतून खाली कशी पडायची आणि उन्हाच्या तिरिपेत कशी तरंगायची. दोघं भाऊ एकाच कोटाला दोन टोकांनी कसे भिडायचे, एक पाठ कापायचा तर एक बाह्या, आणि मधे भेटले की कात्र्या एकमेकींवर वाजवायचे. मोठे मास्तर न बोलता टेबलावर बोटानं टकटक करायचे, म्हणजे काम बघायला या. पोरीनं लिहिलं होतं फार सुंदर. आत्यानं केव्हाच चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

धाकट्यांचं तर सगळं अंगच ऐकत होतं. त्यांना त्या खोलीचा वास आला. ओल्या कापडावर इस्त्री फिरवल्यावर येतो तो. किती वर्षांत त्यांनी लांब कोट कापला नव्हता, पण आता त्यांच्या हाताला ते कापड लागत होतं, जड आणि थोडं खरखरीत, आणि पलीकडून दादाची कात्री जवळ येत असल्याचं कळत होतं. निबंधातला एक शब्द त्यांना खोटा वाटला नाही, कारण एकही खोटा नव्हता. आपली मुलगी किती हुशार आहे, तिला तिकडे पाठवायचं म्हणजे पाठवायचंच, मग घर गहाण पडलं तरी चालेल, असं त्यांच्या मनात आलं. आणि घर गहाण पडायचा काही संबंध नव्हता, सगळा खर्च कॉलेजच करणार होतं, हेही त्यांना त्या भरात आठवलं नाही.

वाचून झालं. मग दाराजवळून थोरल्यांचा आवाज आला.

"टेबलाखाली कोण झोपायचं?"

"मी," बॉबिन म्हणाली.

"नाही."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. उलट इतका खाली गेला होता की आत्याला कान द्यावा लागला.

"तू नव्हतीस, बॉबिन. तो माझा मुलगा होता."

बॉबिननं आत्याकडे पाहिलं. घरात काही अडलं की सगळे आत्याकडे बघत. आत्यानं चष्मा घातला, काढला आणि मग म्हणाली, "टेबल कापलं तेव्हा तुझ्या आईला नुकते दिवस गेले होते, बाळा. मला पक्कं आठवतं. तो सुताराचा भुसा खोलीत उडाला आणि तिला त्या वासानं उलटी झाली."

खरं म्हणजे हे सगळ्यांनाच माहीत होतं. धाकट्यांना माहीत होतं, आईला माहीत होतं. ऐकताना एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, एवढंच. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना ते परत दिसले, आणि त्या दिवसांत ही पोर नव्हती हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. घरात जे आहे ते पहिल्यापासूनच आहे असं वाटतं, तशी ती त्या टेबलाखालीही पहिल्यापासून होती.

आणि बॉबिनला? तिला टेबल कापलेलं माहीत होतं. दोन्ही अर्ध्यांवर तिचं बालपण गेलं होतं. पण ते कधी कापलं आणि आजोबा कधी गेले, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसाबद्दल या घरात बोलायची पद्धत नव्हती. त्याच्या आधीच्या दिवसांबद्दल मात्र दोन्ही दुकानांत सारखं बोललं जायचं. ती निरोप घेऊन काकांकडे गेली की काका तिला अर्ध्या टेबलावर बसवायचे आणि सांगायचे, खाली एक पोर झोपायचं, मी त्याला अंगठा लावायचो. परत आली की बाबा सांगायचे, खाली एक पोर झोपायचं, खडू पडला की शिंकायचं. 'तुझा भाऊ' असं कोणी म्हणायचं नाही. काकांना ते म्हणवायचं नाही म्हणून, आणि बाबांना दादाच्या मुलाचं नाव काढायचं नव्हतं म्हणून. पोर, एवढंच म्हणायचे. समोर एकच पोर बसलेलं असायचं. तिनं ते आपणच असं समजून घेतलं, आणि मग तिला ते आठवायलाही लागलं.

धाकटे सगळ्यात आधी सावरले. त्यांनी सवयीनं मुलीकडे तोंड करून भावाला सांगितलं.

"काकांना सांग, निबंधात एवढं इकडेतिकडे चालतं. सभागृहात कोण विचारायला बसलंय? सगळं खरंच तर आहे. फक्त एक माणूस बदललाय."

"बाबांना सांग," थोरले म्हणाले, "एका गिऱ्हाइकाचा कपडा मोठ्या मास्तरांनी दुसऱ्याला दिलेला मी कधी पाहिला नाही."

"काकांना सांग, त्यांना पहिल्यापासूनच ती जायला नको होती."

बॉबिन स्टुलावर मधोमध बसली होती आणि तिनं दोन्हीकडचं काहीच कोणाला सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, दोघांना सगळं ऐकू येत होतं. आजवरही येत असणारच.

"बाबा, मला ते आठवतं," ती म्हणाली. "अजूनही आठवतं. आत्ता आत्यानं सांगितलं तरी आठवतंय. काकांचा अंगठा गार असायचा. मी खोटं लिहिलं असतं तर मला कळलं तरी असतं. मला काहीच कळलं नाही."

तिला रडू फुटलं नाही, पण हातातल्या कागदांचं काय करायचं हे तिला समजेना. ती ते घडी घालत होती आणि उलगडत होती.

"कॉलेजच्या मॅडमना उद्या सांगून टाक," आई म्हणाली. "वाचायच्या आधी."

ती आतल्या दाराशी उभी होती आणि सकाळपासून जवळजवळ काही बोलली नव्हती. सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. धाकट्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं. बोललेलं बरोबर होतं, त्यात वाकडं काढायला कुठे जागा नव्हती. पण ते तोंडातून बाहेर पडलं आणि त्याच क्षणी तिला स्वतःचं स्वतःलाच कळलं की शुक्रवारपासून छातीवर जे दडपण होतं ते उतरलंय. पोर आता जाणार नाही. तीन दिवस ती शेजारपाजाऱ्यांना हसून हसून सांगत होती, सूटकेस कोणाची मागायची ते ठरवत होती आणि तीन दिवस तिला जेवण गेलं नव्हतं. आता तिला एकदम भूक लागली. त्या भुकेची तिला इतकी लाज वाटली की ती कप गोळा करून आत गेली आणि नळ मोठा सोडून रडली. नवरा मागोमाग आला, तिच्या शेजारी उभा राहिला आणि धुतलेले कप पुसू लागला. त्याला सगळं कळलं होतं. त्याच्या जागी कोणालाही कळलं असतं.

थोरले आपल्या दुकानात परतले. शटर अर्धंच वर केलं, वाकून आत शिरले आणि खुर्चीवर बसले. खरं तर त्यांनी खूश व्हायला हवं होतं. पोरगी इथेच राहणार होती, त्यांनी न अडवता, न भांडता. दुपारी चहाला येणार होती, टेबलावर बसून पाय हलवणार होती. पण त्यांना राहून राहून एकच आठवत होतं, की स्वतःच्या मुलाला त्यांनी यातलं काहीच कधी सांगितलं नव्हतं. तो फोनवर असला की ते हवापाणी विचारायचे. तब्येत विचारायचे. अंगठा आणि चिंध्या आणि खडूची भुकटी, हे सगळं त्यांनी ठेवलं होतं ते भावाच्या मुलीपाशी. ती समोर होती म्हणून, रोज येत होती म्हणून. आपल्या पोराच्या आठवणीचं माप घेऊन त्यांनी कपडा शिवला आणि तो दुसऱ्याच पोराच्या अंगात घातला. तिला तो इतका बसला की परीक्षकांनीसुद्धा तिचाच म्हणून पहिला नंबर दिला. यात तिची काय चूक, असं ते दोनदा मोठ्यानं म्हणाले, आणि दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

सोमवारी सकाळी बॉबिन आणि धाकटे निघाले, तर समोरच्या फुटपाथवर थोरले उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, नुकतीच केलेली दाढी. दुकान बंद.

"बाबांना सांग," ते म्हणाले, "मीपण येतोय. मुलगा माझा होता, तर बोलायला मी पाहिजे."

धाकट्यांनी पावलं हळू केली. तिघं चालत निघाले, बॉबिन मधे.

कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, फायलींनी भरलेल्या एका अरुंद खोलीत मॅडम बसायच्या. निबंध त्यांनीच निवडला होता. बॉबिननं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, एका दमात, शब्द मागेपुढे होत. ती थांबली तसे दोघं भाऊ एकदमच बोलायला लागले. थोरले म्हणाले की चूक त्यांची आहे, त्यांनी नाव न घेता गोष्टी सांगितल्या. धाकटे म्हणाले की गोष्टी त्यांनीही सांगितल्या, आणि जास्त सांगितल्या. थोरले मॅडमना म्हणाले की अंगठ्याची गोष्ट फक्त त्यांची आहे. धाकटे मॅडमना म्हणाले की शिंकण्याची गोष्ट मग कोणाची? मॅडम एकदा इकडे बघत होत्या, एकदा तिकडे. बॉबिनला त्यांची दया आली. त्या जागेवर ती स्वतः बरीच वर्षं बसली होती.

मग थोरल्यांनी असं काही केलं की धाकट्यांनी मान वळवून पाहिलं. ते खुर्चीवरून पुढे झाले आणि मॅडमना म्हणाले, "मला ही जायला नको होती. घरात सगळ्यांना माहीत आहे, मी लपवत नाही. पण ती अशी थांबायला नकोय. तिनं काही चोरलेलं नाही. आम्ही दिलं ते तिनं घेतलं. तुम्ही तिला पाठवा. आमच्यासाठी तिला थांबवू नका."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. इतक्या वर्षांत इतका चांगला निबंध त्यांच्या हातात आला नव्हता आणि हे त्या आताही म्हणायला तयार होत्या. पण अट एकच होती आणि ती सगळ्या मुलांसाठी सारखी होती. दुसऱ्या नंबरच्या मुलानं आपल्या वसतिगृहातल्या खिडकीबद्दल लिहिलं होतं. निबंध साधाच होता, पण खिडकी त्याची होती. जागा त्याला जाईल. थोरल्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी? मॅडमनी मान हलवली. स्पर्धा पहिल्या वर्षाचीच असते. बॉबिन 'बरं' म्हणाली. मॅडम उठून टेबलाच्या या बाजूला आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या की दुसऱ्यांनी सांगितलेलं तुला इतकं चांगलं दिसतं, तर तू स्वतः पाहिलंस ते कधीतरी लिही. ते वाचायला मला आवडेल.

तिघं परत निघाले. शाळा भरायची वेळ होती, फुटपाथवर दप्तरांची गर्दी होती. बॉबिनला वाटलं होतं की वाईट वाटेल ते परदेशाचं; न पाहिलेल्या त्या शहराचं, न बसलेल्या विमानाचं. ते वाटत होतंच. पण त्याहून जास्त वाटत होतं ते टेबलाखालच्या त्या झोपेचं. ती आता आपली नव्हती. मॅडम म्हणाल्या, स्वतः पाहिलंस ते लिही. ती चालता चालता आठवू लागली, की या दोघांचं आपण स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलंय. एकत्र तर तिनं त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. काल आणि आज, एवढंच.

धाकटे मधेच थांबले. आपला रस्ता पुढच्या वळणावर होता, घरी तिची आई वाट बघत असणार. तिला जे हवं होतं तेच झालं होतं, आणि म्हणूनच तिला ते सांगणं अवघड होतं.

"काकांना विचार," ते मुलीला म्हणाले, "की आईला कोण सांगणार?"

बॉबिन थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, "मी नाही विचारणार, बाबा."

"अगं, विचार ना."

"असं समजा, मी गेलेय." तिचा आवाज आता फुटला होता आणि तिनं तो लपवला नाही. "मी गेलेच असते ना? मग कोणाला सांगितलं असतंत विचारायला? समजा, मी गेलेय. तिकडे आहे."

ती पुढे निघून गेली. मागे दोघं भाऊ उभे राहिले, त्यांच्यामधे कोणी नव्हतं. माणसं त्यांना वळसा घालून जात होती. थोरले दुकानांच्या पाट्या वाचत होते. समोरची पोर लहान लहान होत चालली होती आणि वळणावर दिसेनाशी होणार होती.

"दादा," धाकटे म्हणाले. हाक इतक्या वर्षांनी मारलेली, ती जरा बसकीच निघाली. "हिच्या आईला कोण सांगेल?"

"मी सांगतो," थोरले म्हणाले. "तू बोलायच्या आधी रडतोस. पहिल्यापासूनचं आहे तुझं ते."

धाकटे तेव्हाच रडत होते. थोरल्यांनी आपला रुमाल काढून त्यांच्या हातात दिला आणि दोघं तिच्या मागून चालू लागले. बॉबिनला मागून दोघांचे आवाज येत होते, आधी एकाचा, मग दुसऱ्याचा, मग दोन्ही एकदम. तिनं वळून पाहिलं नाही. ती तिकडे होती.